बटण हाताशी हवं



गेल्या महिन्यात साताऱ्याला माहेरी गेले होते. भाच्याच्या नव्या घराचं काम गोडोलीच्या बाजूला चालू आहे. स्लॅब पडलाय, भिंती उभ्या आहेत, गिलावा व्हायचाय. वायरमन खडूने भिंतींवर चौकोन काढत होता. खडूचा चौकोन पडला की तिथे भिंत फोडायची, पत्र्याची पेटी बसवायची आणि मग तो बोर्ड पुढची तीस वर्षं तिथेच. भाचा मला हौसेने सगळं दाखवत होता. देवघर ईशान्येला, ओटा आग्नेयेला, जिन्याच्या पायऱ्या विषम. वास्तू बघणाऱ्याला दोनदा कोल्हापूरहून आणलं होतं म्हणे.

मी विचारलं, "हे चौकोन कुणी ठरवले?"

"ते वायरमनला माहीत असतं, आत्या."

मी टेप मागितली. जमिनीपासून चार फूट नऊ इंच भरलं. मग पाणी मारणाऱ्या बाईची प्लास्टिकची खुर्ची ओढून घेतली आणि भिंतीला लागून बसले. हात पूर्ण ताणला तेव्हा बोटं चौकोनाच्या खालच्या रेघेला कशीबशी टेकली. नंतर खुर्ची दीड-दोन फूट मागे घेतली, पाय पुढे ठेवले. चाकाची खुर्ची अशीच थांबते, कारण तिची पाय ठेवायची फळी आधी भिंतीला लागते. आता माझा हात हवेतच राहिला. वायरमन हसला, भाचा हसला नाही. कारण या घरात खालची खोली दादाची आहे.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, भाच्याचे वडील. वयाच्या तिसऱ्या वर्षी पोलिओ झाला. तेव्हा आपल्याकडे घरोघरी डोस नव्हते. आता आपला देश 2014 पासून पोलिओमुक्त म्हणून जाहीर झालाय, पण त्या काळातली मुलं आज सत्तरीला आली आहेत. दादाने सगळं आयुष्य कॅलिपर आणि काठीवर काढलं, दुकान चालवलं, संसार केला. आता खांदे गेले आणि चार वर्षांपासून चाकाची खुर्ची आली. ज्या मुलाने बापासाठी दाराबाहेर उतरता रॅम्प केला, बाथरूमचा दरवाजा तीन फुटी घेतला, त्याच्या डोक्यात बटण आलंच नाही. त्याला मी काय बोलणार? माझ्या डोक्यात तरी कुठे आलं होतं! तेच सांगायला आज लिहायला बसले आहे.

आमचं जुनं घर साताऱ्याच्या पेठेत. लाकडी पट्टीवरून गेलेल्या वायरी, लाकडी बोर्ड आणि त्यावर काळी गोल बटणं. बोर्ड सगळे मोठ्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर. लहान मुलांनी हात लावू नये हा एकच विचार. दादा तेव्हा बारा-तेरा वर्षांचा असेल. तो घरात बसून सरकत असे, कॅलिपर शाळेपुरते. दिवा लावायला त्याने एक युक्ती काढली होती. वेताच्या छडीने बटण खाली पाडायचं. एक दिवस छडी जोरात लागली आणि बटणाचं टोपण फुटून खाली पडलं, आतलं पितळ उघडं. आई किंचाळली. अण्णा, म्हणजे आमचे वडील, काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी वायरमनला बोलावून सोप्यातला आणि संडासाकडे जाणाऱ्या बोळातला असे दोन बोर्ड त्यांनी खाली घेतले, दादाच्या बसलेल्या खांद्याइतके. जुन्या जागी भिंतीवर दोन पांढरे चौकोन राहिले ते शेवटपर्यंत.

शेजारपाजारचे म्हणाले, पोराचे नसते लाड. एका काकांनी तर तोंडावर विचारलं, घरात पाच माणसं असताना त्याला उठून दिवा लावायची गरजच काय? अण्णा कापडाचे व्यापारी, मोजकं बोलणारे. ते म्हणाले, "आज तो दहा वेळा हाक मारतो. मोठा झाला की हाक मारायची लाज वाटेल. मग अंधारात बसेल."

हे वाक्य माझ्या कानावर पडलेलं आहे. आणि तरी मी सांगलीत काय केलं ते ऐका.

लग्न होऊन सांगलीला आले. आमचं घर गावभागात, नदीपासून लांब नाही. 2005 चा पूर पाहिला. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेने सगळ्यांचेच अंदाज मोडले. आयर्विन पुलाजवळ 45 फुटांवर धोक्याची पातळी, त्या वेळी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. आमच्या खालच्या मजल्यात साडेचार फूट पाणी आठवडाभर उभं होतं. पाणी उतरल्यावर बोर्डांतून चिखल काढला. तेव्हा आमच्या ह्यांनी आणि मी ठरवलं की आता सगळे बोर्ड साडेपाच फुटांवर न्यायचे. सगळी गल्लीच तसं करत होती. खालचे प्लग बंद करून टाकले. खर्चाची वही माझ्याकडे असते (बी.कॉम. झाल्याचा संसारात झालेला हा मुख्य उपयोग), त्यात नोंद आहे, बोर्ड वर घेणे, मजुरीसह 14,600. आणि खोटं कशाला बोलू, जुलै 2021 ला पुन्हा पाणी आलं, दोन फूट, तेव्हा एकाही बोर्डाला ओल लागली नाही. मी चार घरी सांगत फिरले की आम्ही किती शहाणपणा केला.

सासूबाई त्या वेळी पंच्याऐंशीच्या. 2021 च्या दिवाळीनंतर पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला. उंचीने आधीच लहान, त्यात पाठ वाकलेली. वॉकर धरून उभं राहायचं तर दोन्ही हात त्यातच अडकलेले, वर साडेपाच फुटांवरच्या बटणाला हात लावायचा कुठून? आम्ही सांगितलं, आई, हाक मारा. मी शेजारच्याच खोलीत झोपत होते.

जानेवारीतली गोष्ट. पहाटे चारला जाग आली म्हणून सहज डोकावले. खोलीत काळोख आणि त्या पलंगाच्या कडेवर बसलेल्या, एक हात वॉकरवर. मी दिवा लावला.

"कधीपासून बसलाय, आई?"

"आत्ताच."

आत्ताच नव्हतं. पाय बर्फासारखे गार पडले होते. लुगडं ओलं झालं होतं. त्यांनी सांगितलं नाही, मीही बघितलं नाही असं केलं आणि नुसतं म्हटलं, चला, गरम पाणी काढते.

नंतर दोन दिवसांनी मीच विचारलं, हाक का नाही मारली? म्हणाल्या, "दिवसभर राबतेस, झोप मोडायची कशाला." बरं, अंधारात तशाच गेल्या असत्या तर? चार पावलांवर तर संडास. तर म्हणाल्या, "दिसत नसताना पाऊल कसं टाकू? खाली काय असेल." पडायची भीती होतीच, पण बोलणं त्याबद्दल नव्हतं. मुंगी असेल, झुरळ असेल, पायाखाली जीव जाईल. जन्मभर त्या जमीन बघून चालल्या. ईर्यासमिती मुनिमहाराजांची हे खरं, पण आपल्या जुन्या बायकांच्या अंगात ती न शिकवता मुरलेली होती.

तुम्ही म्हणाल, मग रात्रभर झिरोचा दिवा ठेवायचा. मी ठेवला होता. त्यांनी तिसऱ्या दिवशी बंद करायला लावला. दिव्यावर चिलटं येतात, सकाळी खाली मरून पडलेली दिसतात, माझ्या एका फेरीसाठी एवढी हिंसा नको. म्हणजे दिवा हवा, पण लागेल तेव्हाच हवा आणि काम झालं की लगेच विझवायला हवा. याला एकच उपाय, बटण त्यांच्या हाताशी. तेच तर आम्ही चौदा हजार रुपये खर्चून त्यांच्या हातापासून दूर नेलं होतं.

त्या दिवशी मला अण्णा आठवले. आणि लाजही वाटली, कारण समाजात माझं नाव होतं. सून असावी तर अशी, सासूची सेवा बघा. अंतरंग तपात वैयावृत्त्य सांगितलंय. आजाऱ्याची, वृद्धाची सेवा. आपल्या बायका ती मनापासून करतात, याबद्दल दुमत नाही. पण माझी सेवा कशी होती? त्यांनी मागायचं आणि मी धावायचं. धावल्याचं पुण्य माझ्या खात्यावर जमा. मागण्याचा संकोच कुणाच्या खात्यावर? त्यांच्या. दिवा, पंखा, पुन्हा पंखा बंद, गीझर, बाथरूमचा दिवा. मी एक दिवस खरंच मोजलं, बावीस वेळा. ज्या बाईने एकेकाळी चौदा माणसांचं घर हाकललं, तिने दिवसातून बावीस वेळा "अगं, जरा" म्हणायचं. त्यातल्या कितीतरी वेळा तिने म्हटलंच नसेल, ते तर मोजताही येत नाही.

त्याच आठवड्यात वायरमन बोलावला. त्याने मान डोलावली नाही, म्हणाला, काकू, पूर विसरला काय? प्रश्न बरोबर होता, म्हणून उत्तर नीट शोधलं. मीटर, मेन स्विच आणि एमसीबीची पेटी वरच ठेवली, सहा फुटांवर. त्यांना रोज हात लावावा लागत नाही. आईंच्या खोलीतले आणि बाथरूमचे बोर्ड साडेतीन फुटांवर आणले आणि या खालच्या बोर्डांसाठी एमसीबी वेगळी केली. सांगलीत पूर चोरपावलांनी येत नाही. कोयनेतून किती पाणी सोडलं, आयर्विनला पातळी किती झाली, हे मोबाईलवर तासातासाला येत असतं. 40 फुटांवर इशारा, 45 वर धोका. पाणी आमच्या दारात यायला मध्ये पुरेसा वेळ असतो. ती एक एमसीबी खाली पाडली की खालचे बोर्ड निर्जीव. पाणी येऊन गेल्यावर बटणं बदलू, वायरिंग तपासून घेऊ. वहीत लिहिलंय, दोन बोर्ड खाली, पलंगापाशी टू-वे बटण, वेगळी एमसीबी, मिळून 3,850. माझ्या हिशेबात मोठे पूर तीन, 2005, 2019 आणि 2021. रात्र मात्र रोज होते.

टू-वे म्हणजे काय ते ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: एकच दिवा, दोन बटणं. जिन्यात असतं तसं. दारात लावा, पलंगावरून विझवा. याच्याइतकी स्वस्त आणि उपयोगी वस्तू घरात दुसरी नाही आणि नव्या फ्लॅटमध्येही ती मागितल्याशिवाय मिळत नाही.

आता उंचीचं. इंग्लंडमध्ये 1999 पासून नव्या राहत्या घरांसाठी नियम आहे, बटणं आणि प्लग जमिनीपासून 450 मिलिमीटरच्या खाली नकोत आणि 1200 च्या वर नकोत. म्हणजे दीड फूट ते चार फूट. अमेरिकेत सार्वजनिक इमारतींसाठी बसून समोर हात पोचण्याची वरची मर्यादा 48 इंच धरतात, तेही चार फूटच. आपल्याकडे 2016 चा दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा आहे, केंद्राची 2021 ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सुगमतेचे नियम नुसत्या शिफारशी असून चालणार नाहीत, किमान काही गोष्टी बंधनकारक हव्यात. पण हा सगळा रोख कचेऱ्या, स्टेशनं, शाळा, दवाखाने यांच्यावर. आपल्या घरातल्या बटणाची उंची तपासायला कुणी येणार नाही. तिथे सरकार म्हणजे आपणच.

बटणं साडेतीन फुटांवर उभ्या माणसालाही काही गैरसोयीची नसतात. हात कोपरात वाकवून सहज पोचतो, उलट मानेवरचं काम कमी. प्लगचं मात्र उलट आहे. ते आपण जमिनीलगत, सहा-आठ इंचांवर लावतो आणि मग गुडघे धरून वाकतो. माझे स्वतःचे गुडघे आता बोलतात, म्हणून हे जास्त कळतं. दीड फुटावर घ्या. आणि कोपऱ्यात घेऊ नका. वायरमनला कोपरा आवडतो, दिसत नाही म्हणून, पण चाकाची खुर्ची कोपऱ्यात शिरत नाही, वॉकरही नाही. दाराच्या मागे तर मुळीच नको. ओट्याच्या मागच्या भिंतीवरचा मिक्सरचा प्लग बसलेल्या बाईला दोन फूट ओटा ओलांडून मिळणं अशक्य. एक तरी प्लग ओट्याच्या पुढच्या कडेशी, बाजूच्या भिंतीवर, पाण्यापासून लांब घ्या. बटण मोठं घ्या, पूर्ण पंजाने दाबता येईल असं. कंप असलेल्या हाताला ते बारीक बटण सापडत नाही.

लहान मुलांचं काय, हा प्रश्न प्रत्येक आजी विचारते आणि विचारायलाच हवा. आता झाकणाचे प्लग मिळतात, ज्यात पिन घातल्याशिवाय आतली भोकं उघडत नाहीत. आणि मेन पेटीत 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी बसवा, गळती झाली की ती क्षणात वीज तोडते. ती तर बोर्ड कितीही उंच असला तरी हवीच. आमच्या वेळी मुलांपासून वाचवायला उंची हा एकच उपाय होता. तो उपाय म्हाताऱ्यांना आणि दादासारख्यांना किती महागात पडतो, याचा हिशेब कुणी मांडला नाही.

मुलाने पुण्याहून बोललं की लागणारा दिवा आणला होता. आईंनी एकदा त्याच्याशी बोलून बघितलं, त्याला त्यांचं मराठी कळलं नाही. शिवाय सामायिकात मौन असतं. तो दिवा परत पुण्याला गेला.

2024 ला घरच्यांबरोबर 'चंदू चॅम्पियन' बघितला. मुरलीकांत पेटकर आपल्या सांगली जिल्ह्यातले. 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या, पाय गेले आणि 1972 ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळवलं. थिएटरात सगळे टाळ्या वाजवत होते. माझ्या मनात आलं, हे गृहस्थ 2019 नंतर आमच्या घरी पाहुणे म्हणून आले असते, तर रात्री दिवा लावायला त्यांना मला हाक मारावी लागली असती. तसंच कोल्हापूरच्या नसीमादीदी हुरजूक यांचं. 'चाकाची खुर्ची' आपल्यापैकी पुष्कळजणींनी वाचलंय. 1984 पासून त्यांच्या 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड'ने किती मुलांना पायावर म्हणा, चाकावर म्हणा, उभं केलं. आपण तिथे वाढदिवसाला जेवण देतो, पावती घेतो आणि घरी येऊन साडेपाच फुटांवरचं बटण दाबतो. हे मी दुसऱ्या कुणाला नाही, स्वतःला म्हणते आहे.

बोर्ड खाली आल्यावर आई दीड वर्ष जगल्या. पहिल्या रात्री मी मुद्दाम जागी होते. पावणेतीनला त्यांच्या खोलीत टक् असा आवाज झाला, दाराखालून उजेड आला, वॉकर टेकत टेकत गेला, परत आला आणि पुन्हा टक्. मला कुणी बोलावलं नाही. एवढं बरं मला कुणी कौतुक केल्यावरही वाटलं नव्हतं. सकाळी त्या काही बोलल्या नाहीत, मीही नाही. फक्त त्या दिवसापासून रात्रीच्या पाण्याच्या भीतीने संध्याकाळचं पाणी कमी पिणं त्यांनी सोडलं. सूर्यास्ताच्या आत पोटभर पाणी पिऊ लागल्या. ते त्या आधी का टाळत होत्या, तेही तेव्हाच माझ्या लक्षात आलं.

तर साताऱ्याचं. भाच्याने वायरमनला थांबवलं. दुपारी दादाला खुर्चीसकट गाडीतून आणलं, अर्धवट भिंतींमधून फिरवलं आणि प्रत्येक ठिकाणी त्याला हात लांब करायला लावला. जिथे बोटं आरामात टेकली तिथे नवा चौकोन. बहुतेक ठिकाणी तीन फूट चार इंच आलं. जुने चौकोन वायरमनने फडक्याने पुसले. जास्तीचा खर्च विचारला तर म्हणाला, खोलीमागे फूट-दीड फूट पाईप आणि वायर, काकू, त्याचे काय पैसे लावू. पुढे गिलावा झाल्यावर हेच करायचं म्हटलं असतं तर त्याने हजारांत सांगितलं असतं. म्हणून ज्यांच्या घराची भिंत अजून कोरी आहे, त्यांनी खडू वायरमनच्या हातात देण्याआधी घरातल्या सगळ्यात कमी हात पोचणाऱ्या माणसाला एकदा तिथे नेऊन आणा.

दाराबाहेरच्या घंटेचं बटणही साडेतीन फुटांवर आलं. वहिनी म्हणाल्या, आता गल्लीतली सगळी पोरं येता-जाता वाजवणार. दादा म्हणाला, वाजवू देत, कुणीतरी आलंय असं तरी वाटेल. मग त्याने स्वतःच एक मागणी घातली, पंख्याचा रेग्युलेटर त्याच्याच पलंगाशी हवा, कारण चाळीस वर्षं वहिनी पंखा एकवर ठेवत आल्या आहेत. त्यावरून दोघांचं अजून मिटलेलं नाही. भाच्याने त्या एका चौकोनावर खडूने प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय.